मे महिन्यात सावंतवाडीला यायचंय? मग दुपार सोडून द्या

मार्च संपत आला की ओळखीतल्यांचे मेसेज सुरू होतात, "अरे तू वाडीचा ना, आम्ही मेमध्ये गोव्याला चाललोय, वाटेत सावंतवाडीला तासभर थांबलो तर काय बघता येईल?" तासभर थांबलात तर मोती तलाव दिसेल, त्याच्यासमोर सेल्फी होईल आणि घामाने शर्ट पाठीला चिकटेल, बस. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतोय, विचारेल त्याला हेच पाठवणार.

दोन रात्री तरी काढा, तीन असतील तर झकास. गाडीचं तिकीट आधी बघा, आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधीच उघडतं आणि मे महिन्यातली कोकणकन्या, तुतारी सकाळी आठच्या ठोक्याला बसलात तर मिळते, नाहीतर वेटिंग. तुतारी दादरहून सुटते आणि सावंतवाडीलाच संपते त्यामुळे स्टेशन येऊन गेलं तरी झोपून राहिलो असं होत नाही. स्टेशन मात्र शहरात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते, बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.

आता मुद्द्याचं. दुपार विसरा. पारा इथं पस्तीसच्या आसपासच असतो, विदर्भातले पाहुणे हसतात की हे काय ऊन म्हणून, पण हवा दमट आहे, घाम येतो आणि वाळत नाही, अकरानंतर उन्हात फिरलेला माणूस चारपर्यंत कामातून गेलेला असतो. आमच्याकडे घराघरात जेवून दोन तास आडवं व्हायची पद्धत आहे ती काय आळशीपणा म्हणून नाही. बाजारातली बरीच दुकानंसुद्धा दुपारी बंद असतात. तेव्हा सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर, एवढाच तुमचा दिवस, मधला वेळ छपराखाली.

सकाळ तलावावर सुरू करा. साडेसहाला पाणी अगदी स्थिर असतं, एका बाजूला राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर, आणि काठाने गावातले आजोबा लोक राऊंड मारत असतात. तलाव शहराच्या अगदी मधोमध आहे, सगळे रस्ते फिरून फिरून तिथेच येतात, त्यामुळे नवीन माणूस हरवत नाही. पोहायचा हा तलाव नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा. बोटिंग कधी चालू असतं कधी बंद, त्याच्यावर प्लॅन करू नका. ज्यांना पायाला व्यायाम हवा त्यांनी तलावाऐवजी नरेंद्र डोंगर चढावा, वर मारुतीचं देऊळ आहे, झाडीतून रस्ता आहे, फक्त आठच्या आत खाली उतरा.

दहा वाजले की राजवाड्यात शिरा. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या आणि तिकीट काढून आत जा. जांभ्या दगडाची वास्तू, आत पाऊल टाकलं की गारवा लागतो. दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार बसलेले असतात, ते बघायचं सोडू नका. मी मागच्या खेपेला एका ताईंच्या बाजूला वीसेक मिनिटं उभा होतो, हातात रुपयापेक्षा थोडी मोठी गोल चकती, ब्रशला दोन-चारच केस असावेत असं वाटावं इतकं बारीक टोक, आणि त्या माशाच्या शेपटीवरचे खवले एकेक काढत होत्या, मत्स्यावतार. मी श्वास जोरात सोडला तर रेघ हलेल की काय अशी भीती. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो खेळ सुरू करतो आणि रात्री कृष्णाचा, हे मुलांना सांगा, एकदम इंटरेस्ट घेतात. ही कला जवळजवळ गेलीच होती, इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी ती परत उभी केली. पूर्ण सेट महाग वाटेल, हाताचं काम आहे, घासाघीस करू नका. परवडत नसेल तर सुटी भेटकार्डं, बुकमार्क असलं काहीतरी घ्या.

तिथून चितार आळी चालत. लाकडी खेळणी तर तुम्हाला माहीतच असतील, पण घ्यायची कशी ते सांगतो कारण बाहेरून आलेला प्लॅस्टिकचा मालही शेजारीच टांगलेला असतो. वस्तू हातात घ्या, लाकूड वजनाला कळतं. फळांचा सेट घेताना केळं आणि मिरची आधी बघा, कारण आंबा कोणीही गोल करतो, मिरचीच्या देठाशी मात्र कारागिराचा हात दिसतो. बोटाने रंग चोळून बघा, बोटाला लागला तर ठेवून द्या, विशेषतः घरात तोंडात घालणारं बाळ असेल तर. भोवरा दुकानातच फिरवून घ्या, डुगडुगला तर दुसरा मागा, कोणी रागावत नाही.

मग जेवा आणि झोपा. खरंच झोपा.

आता आसपासचं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे मे महिन्यात आंबोलीचा धबधबा बघायला जाणं. आमचा एक चुलतभाऊ मुंबईहून अख्खी फॅमिली घेऊन आला, इनोव्हा भाड्याने, पोरांना स्विमिंगचे कपडे घालून तयार, मी सांगत होतो तरी ऐकेना, रील बघून आलेला. वर जाऊन बघतो तर काळा खडक आणि त्याच्यावर एक माकड. चहाच्या टपरीवरच्या काकी म्हणाल्या, "मे म्हयन्यात धबधबो खंय गावतलो रे?" तो विषय घरात अजून निघतो. आंबोलीला जायचंच असेल तर हवेसाठी जा, साधारण ३० किलोमीटर, उंची सातशे मीटरच्या जवळपास, संध्याकाळी महादेवगडावर वारा असतो आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. हिरण्यकेशीचं देऊळ बघा, नदी तिथल्या गुहेतूनच उगम पावते. तिथल्या कुंडात एक छोटा मासा सापडलाय जो शास्त्राला नवीन होता, त्याच्यामुळे त्या जागेला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा पाण्यात बिस्किटं टाकू नका, साबण तर नकोच.

समुद्रासाठी एक संध्याकाळ वेंगुर्ला-शिरोडा पट्ट्याला द्या. चारला निघा, वाटेत आरवलीला वेतोबाचं देऊळ. देव रात्री गावभर राखणीला फिरतो म्हणून त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात आणि त्या झिजतात असं लोक मानतात, केळ्यांचे घडही वाहतात. पुढे शिरोड्याची मिठागरं, १९३० साली इथेच मिठाचा सत्याग्रह झाला होता. मग वेळागर, सुरूचं बन, लांबलचक वाळू, गर्दी गोव्याच्या मानाने काहीच नाही. पण गर्दी नाही म्हणजे बघायलाही कोणी नाही हे लक्षात ठेवा. पाण्यात गुडघ्याच्या पुढे जायच्या आधी किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला विचारा, भरती आहे की ओहोटी, कुठे पाणी आत ओढतं, त्याला जे माहीत आहे ते ॲपला नाही. अमावास्या-पौर्णिमेला जास्तच जपा. आणि दारू पिऊन अजिबात नाही, दर उन्हाळ्यात तीच बातमी वाचून कंटाळा आला.

स्कूबा, पॅरासेलिंग वगैरे पाहिजे असेल तर मालवण, तो वेगळा पूर्ण दिवस धरा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून समुद्र खवळायला लागतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होते, म्हणून वीस तारखेच्या आत या. मालवणहून परतताना धामापूरला वळा, ते तळं १५३० सालचं, काठावर भगवतीचं देऊळ, संध्याकाळी पायऱ्यांवर नुसतं बसायचं. दिसायला शांत आहे पण खोल आहे, त्यामुळे पायऱ्यांवरच.

खाण्याबद्दल लिहायला बसलो तर हे संपणार नाही, म्हणून दोनच गोष्टी. ओल्या काजूगराची उसळ मेच्या सुरुवातीपर्यंतच खरी मिळते, नंतर सुके काजू भिजवून करतात, विचारून ऑर्डर करा. आणि कोकम विकत घेताना लोक हमखास फसतात. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस, सोलकढीला तो लागतो. गोड असतं ते सरबताचं सिरप. मागच्या वर्षी माझ्या मेव्हणीने ठाण्याला जाऊन सिरपची सोलकढी केली, गुलाबी झाली होती छान, पिली कोणीच नाही.

रात्र मोकळी असेल तर कुठे दशावताराचं नाटक आहे का ते रिक्षावाल्याला किंवा हॉटेलच्या पोऱ्याला विचारा. पाऊस सुरू व्हायच्या आधीचे हे शेवटचे प्रयोग असतात, जेवणं आटपून सुरू होतात, 'ट्रिकसीनयुक्त' (म्हणजे चमत्काराची दृश्यं असलेला) असा बोर्ड असेल तर मुलं खुश. लिहिलेली संहिता नसते, राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून जागच्या जागी बोलतात, आणि साडी नेसलेली राणी पुरुष आहे हे तुमच्या मुलांना अर्ध्या तासाने कळतं. बसायला चादर न्या, मच्छरांचं मलम न्या.

संध्याकाळ कुठलीही असो, परत आलात की एक चक्कर तलावावर माराच. साडेसातनंतर दिवे लागतात, भेळवाले, आईस्क्रीम, कठड्यावर बसलेली पोरं, रविवारी पार्किंग मिळत नाही म्हणून गाडी लांब लावून चालत या. छत्री मेमध्येही बॅगेत ठेवा, वळवाचा पाऊस न सांगता येतो आणि लाईट घेऊन जातो, पॉवर बँक भरलेली बरी.

आंबे शेवटच्या दिवशी घ्या, आधी घेऊन हॉटेलच्या बंद खोलीत ठेवले तर एकदम पिकतात. देठाशी वास घेऊन बघा, वरचा थर सगळेच चांगला लावतात, खालचे दोन काढून दाखव म्हणा. आणि ट्रेनमध्ये पेटी सीटखाली सरकवताना आडवी नका टाकू, पनवेल येईपर्यंत अख्ख्या डब्याला कळतं.