चिंता घालवण्याचा खटाटोप थांबवून पाहण्याची रीत

इंदूरहून पुण्याला जाणारी रात्रीची स्लीपर बस सुटली की आमच्याकडच्या कितीतरी मराठी घरांत कोणीतरी एक जण जागे राहते. मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो, बसला सेंधव्यापुढचा बिजासन घाट ओलांडायचा असतो, आणि आई थोड्याथोड्या वेळाने मोबाइलवर त्याचे लोकेशन पाहते. ते दिसले की तिच्या जिवात जीव येतो, पण दहाच मिनिटांपुरता. मग हात पुन्हा फोनकडे जातो. चिंतेने जेवढी दमणूक होते, तेवढीच किंवा त्याहून अधिक ती घालवण्याच्या धडपडीने होते, आणि सजगता (आत्ता जे घडते आहे त्याकडे लक्ष देणे) व स्वीकार यांवर आधारलेले उपचार नेमके या धडपडीवर काम करतात.

डॅनिएल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास आणि तो आलाच तर घंटी वाजवण्यास सांगितले होते. घंट्या वाजत राहिल्या. शिवाय नंतर विचार करण्याची मोकळीक मिळाल्यावर, ज्यांनी तो आधी दाबून ठेवला होता त्यांच्या मनात तो इतरांपेक्षा जास्त वेळा आला.

म्हणून चिंता दाबण्याऐवजी तिच्याकडे पाहण्याचा सराव करावा, आणि त्याचा पहिला आठवडा केवळ नोंदी ठेवाव्यात. वहीच्या पानावर तीन रकाने आखून शरीरात काय झाले, मनात कोणते वाक्य आले आणि ते घालवण्यासाठी आपण काय केले, हे त्या त्या वेळी लिहावे. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. फोन करणे, पुन्हा पुन्हा कोणाला तरी विचारणे, टीव्ही मोठ्याने लावणे, प्रवासच रद्द करायला लावणे, असे सगळे तिथे जमा होते. या आठवड्यात काही बदलायला जाऊ नये.

त्यानंतर रोज दहा मिनिटे, शक्यतो मन बरे असताना, श्वासाकडे लक्ष देऊन बसावे. ऐन घबराटीत पहिल्यांदा सराव करणे म्हणजे पुरात पोहायला शिकण्यासारखे आहे. मांडी घालणे जमत नसेल तर खुर्ची चालेल. थोड्याच वेळात मन घाटात पोहोचलेले असेल; ते लक्षात आले की ‘विचार’ एवढे मनाशी म्हणून परत श्वासावर यावे. मन भरकटणे हे अपयश नव्हे, कारण ते परत आणणे हाच सराव आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या सजगतेच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आरंभी एक मनुका सावकाश पाहून, हुंगून, चावून खायला देतात. आम्हां इंदूरकरांना पोहे सोयीचे. सकाळी पहिला घास तोंडात घालण्यापूर्वी जीरावनाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरलेल्या मसाल्याचा, वास घ्यावा, शेव मऊ पडली आहे की कुरकुरीत आहे ते पाहावे आणि बडीशेपेचा दाणा दाताखाली केव्हा येतो याची वाट पाहावी.

खरी चिंता दाटून येईल तेव्हा ती शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधावे. छातीत असेल तर किती जागेत, गरम की जड, स्थिर की सरकणारी, हे एखादी अनोळखी वस्तू न्याहाळावी तसे पाहावे. ‘बसला काहीतरी झाले’ या वाक्याऐवजी ‘बसला काहीतरी झाले असा विचार माझ्या मनात येतो आहे’ असे म्हणावे. ही युक्ती प्रथम पोरकट वाटते, पण विचार आणि घटना यांत तेवढेच अंतर पडते. स्वीकार म्हणजे ‘आलिया भोगासी’ म्हणत हात टेकणे नव्हे, आणि दातओठ खाऊन सोसणेही नव्हे. धडधडीला जागा द्यायची असते. तिने वर्तवलेले भाकीत खरे मानायचे नसते.

येथे एक फसगत होते, आणि ती माझीही बरेच दिवस झाली. श्वासाकडे पाहता पाहता मी मधूनच ‘कमी झाली का?’ म्हणून छातीची चाचपणी करत असे. हे तर मोबाइलवर लोकेशन पाहण्यासारखेच झाले. चिंता ओसरली तर ओसरली. मोजायचे ते एवढेच की ती असताना आपण ठरवलेले काम केले की नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, २७६ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत कबाट-झिन यांचा हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम चिंताविकारांवर एसिटालोप्रॅम या औषधापेक्षा कमी परिणामकारक ठरला नाही. मात्र त्यात दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी पाऊण तासाचा सराव होता, त्यामुळे दहा मिनिटांच्या जोरावर चालू गोळ्या बंद करू नयेत. धडधड नव्यानेच सुरू झाली असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदय व थायरॉइड तपासून घ्यावे. डोळे मिटताच जुना आघात उसळून येत असेल तर एकट्याने सराव करू नये. झोप, जेवण, नोकरी बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पुढची बस सुटेल त्या रात्री, पोहोचल्यावर एकदाच फोन करायचे मुलाशी ठरवून घ्यावे, घंटीचा आवाज मोठा ठेवून मोबाइल दिवाणखान्यात चार्जिंगला लावावा आणि अंथरुणावर पडावे. हात फोनसाठी शिवशिवेल, ती शिवशिवही पाहावी. पहिल्या रात्री चिंता बहुधा वाढेल आणि झोप लागेलच असे नाही. मोबाइल मात्र सकाळपर्यंत आहे तिथेच राहू द्यावा.