सांगलीच्या दारापासून न्यूयॉर्कपर्यंत, मांडीवर लेक

परदेशी निघालो म्हटलं की सगळे विचारतात, "विमान किती तासांचं?" मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान पंधरा-सोळा तासांचं. पण बाळाचा प्रवास सांगलीत गाडीत बसवलं तेव्हाच सुरू होतो. पेठनाका, कराड, सातारा, पुणे करत मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे थांबत-थांबत आठ-नऊ तास. विमानतळावर चार, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचे दोन. झाले तीस तास. माझी दीड वर्षाची लेक घेऊन मी एकटी गेले तेव्हा हा हिशोब केला नव्हता. आता तयारी करायची ती तीस तासांची, हे सगळ्यांना सांगते.

कागदांना दोन-तीन महिने आधी हात घाला. मांडीवरच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि अर्जासोबत आईवडील दोघांच्या सहीचं 'ॲनेक्शर डी' हे संमतीचं पत्र द्यावं लागतं. आधीच काढलेला असेल तर मुदत बघा. अनेक देशांना निदान सहा महिने शिल्लक लागतात. एकटीच नेणार असाल तर नवऱ्याचं इंग्रजीतलं संमतिपत्र नोटरी करून घ्या, जन्मदाखल्याची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा.

तिकिटाच्या वेळी बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसाची तारीख समोर ठेवा. दोन वर्षांखाली मांडीवर चालतं, पण परतीच्या दिवशी दोन पूर्ण झाली असतील तर वेगळी सीट घ्यावीच लागते. भिंतीला लावायचं बॅसिनेट, म्हणजे बाळाचा छोटा पाळणा, तिकीट काढल्याबरोबर फोन करून मागून घ्या, कारण ती मोजकीच असतात आणि वजनाची मर्यादा बहुधा दहा-अकरा किलोच्या आत असते. त्यात बाळ गाढ झोपलं तरी विमान हवेत हादरायला लागलं की उचलून घ्यावं लागतं, ही मनाची तयारी ठेवा.

आता बॅग. माझी मोठी चूक इथेच झाली. लेकीचे तीन जोड हाताशी ठेवले होते, माझा एकही नव्हता. खंडाळ्याच्या घाटात ती ओकली आणि माझी ओढणी, कुर्ता, सलवार सगळं दुधाच्या आंबट वासाने भरलं. बदलायचे कपडे डिकीतल्या मोठ्या बॅगेत, तेही दोरीने करकचून बांधलेले. विमानतळाच्या बाथरूममध्ये ओल्या फडक्याने पुसून पुसून मी तशीच विमानात बसले. म्हणून सांगते, आईचा एक पूर्ण जोड बाळाच्या कपड्यांबरोबरच ठेवा, शिवाय ओले कपडे टाकायला दोन-तीन प्लास्टिक पिशव्या. घाटाआधी तासभर पोटभर दूध देऊ नका. डायपर अडीच तासाला एक धरून बारा, वर पाच जास्तीचे. एक डायपर, वाइप्स आणि पिशवी एवढंच मावेल असा छोटा बटवा वेगळा करा; विमानातल्या बाथरूममध्ये मोठी बॅग वळवताच येत नाही.

खाण्यात आपलंच कामाला येतं. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, दळून, जिरं-मीठ घालून केलेलं पीठ डब्यात न्या. गरम पाणी विमानात मागितलं की देतात. ते ओतून पाच मिनिटं झाकलं की मऊ खिचडी तयार. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि गुळपापडीच्या वड्याही न्या. भडंग, शेंगदाणे, अख्खे बेदाणे मात्र नकोत, घशात अडकतात. द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली तरी बाळाच्या दुधाला आणि खाण्याला प्रवासापुरती सूट असते. तपासणीत ते वेगळं काढून दाखवा. आणि ओटीतली सुक्या खोबऱ्याची वाटी आजीलाच परत द्या. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून केबिनमध्येही नेऊ देत नाहीत आणि सामानातही नाही.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या: तापाचं, ओआरएस, नेहमीचं काही असेल ते. वजनाप्रमाणे मात्रा कागदावर लिहून घ्या, अर्ध्या झोपेत आठवत नाही. झोपेसाठी सर्दीचं औषध पाजायचा सल्ला शेजारीपाजारी देतील, तो ऐकू नका. काही मुलं त्याने उलट जास्त बिथरतात. सर्दी असेल तर निघण्याआधी कान दाखवून घ्या. विमान उतरायला लागतं ते जमिनीवर टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, आणि कान जास्त करून तेव्हाच दुखतात. त्या वेळेला बाळ जागं हवं आणि काहीतरी गिळत हवं, म्हणून एक दूध राखून ठेवा.

खेळणी चार पुरेत, तीही एकदम काढू नका. घरच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा एक तुकडा मात्र न्याच. माझ्या लेकीला सगळ्या खेळण्यांपेक्षा त्याचाच आधार वाटला. नाकाशी धरून ती झोपली.

पोचल्यावर उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. पहिले काही दिवस बाळ रात्री दोनला उठून जेवण मागेल. उरलेल्या दशम्या उशाशी ठेवा.