आधी टायर, मग क्राऊन-पिनियन

जुन्या जीपला मोठे टायर घालायची हुक्की आली की लोक आधी टायर आणतात, मग मडगार्ड कापतात. मग एखाद्या चढावर गाडी तिसरा गिअर घेईनाशी झाली, की क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली चाकांना फिरवणारी दातेरी जोडी, आठवतं. मी हिशेब आधी केला होता. तरी चुकले, कारण हिशेबात घातलेला आकडाच खोटा होता.

टायरपासूनच सुरुवात करू. माझ्या गाडीला २३५/७५ आर १५ होते. २३५ चे ७५ टक्के म्हणजे १७६ मिलिमीटर, ही टायरच्या एका बाजूची उंची. तिची दुप्पट करून त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की झाले साधारण ७३३, म्हणजे २८.९ इंच. मन ३३ इंचीवर होतं, घेतले ३१ इंची. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक, टाय रॉडचे एंड, हबची बेअरिंग, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस हे सगळं लहान चाकाच्या हिशेबाने केलेलं असतं. चाक वाढलं की हे आपोआप वाढत नाही, आणि गाडी चालवण्याइतकीच ती थांबवायचीही असते.

टायर विकत घेण्याआधी त्या मापाचं एक चाक कोणाकडून तरी मागून आणा आणि पुढे लावून बघा. ते चाक ठोकळ्यावर चढवा, म्हणजे ते मडगार्डमध्ये घुसेल, आणि मग स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. सपाट जमिनीवर न घासणारं चाक इथे हमखास घासतं. माझं मडगार्डला नाही, स्प्रिंगच्या पाट्याला लागलं. स्टेअरिंगचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढून ते सुटलं, पण गाडीला वळायला आता जास्त जागा लागते.

आता रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉप शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे येणारा दांडा) किती फेरे घेतो तो आकडा. नवा व्यास भागिले जुना व्यास, गुणिले जुना रेशो, की लागणारा रेशो मिळतो. डिफरन्शिअलच्या (एक्सलच्या मधल्या फुगीर डब्याच्या) झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी होती, तिच्यावर ४.१० कोरलेलं. ४.१० गुणिले ३१ भागिले २८.९ म्हणजे ४.४०. त्याच्या वरचा, जवळचा मिळणारा रेशो ४.५६. चाकं जडही होणार, म्हणून थोडं वर गेलेलं बरं असं ठरवून पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलसाठी ४.५६ चे सेट मागवले.

झाकण उघडलं, जुना पिनियन बाहेर काढला आणि सहज दात मोजले. ११ होते. क्राऊनचे ४१. एकेचाळीस भागिले अकरा म्हणजे ३.७३! आधीच्या मालकाने कधीतरी दुसऱ्या एक्सलचं झाकण पट्टीसकट आणून लावलं असणार. मी त्या पट्टीवर विश्वास ठेवला, आणि मोजायला तर दहा मिनिटंही लागली नसती.

ती दहा मिनिटांची रीत अशी. बाकीच्या चाकांना उटी (अडवायला दगड) लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. प्रॉप शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. उचललेलं चाक वीस फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे वीस फेऱ्यांत क्राऊन दहाच वेळा फिरतं. शाफ्टचे ४१ फेरे आले तर रेशो ४.१०, सदतीस आणि वर थोडे आले तर ३.७३. साध्या डिफरन्शिअललाच हे चालतं. लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना एकत्र जखडणारं डिफरन्शिअल) असेल तर मागची दोन्ही चाकं उचला, दोन्ही बरोबर दहा फेरे फिरवा.

रेशो चुकला एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. माझे दोन्ही एक्सल डाना ४४ या मॉडेलचे, आणि त्यात क्राऊन ज्यावर बसतं ते कॅरिअर दोन प्रकारचं येतं: ३.७३ पर्यंत एक, ३.९२ पासून पुढे दुसरं. कारण साधं आहे. ३.७३, ४.१० आणि ४.५६ या तिन्हींत क्राऊनचे दात ४१च, पिनियनचे मात्र ११, १० आणि ९. पिनियन बारीक होत जातो, तसं क्राऊनला त्याच्याकडे सरकावं लागतं. माझ्या जुन्या कॅरिअरवर नवं क्राऊन चढवलं तर ते पिनियनपर्यंत पोचेचना. मधली फट डोळ्यांना दिसत होती. अशा वेळी जाड क्राऊन तरी आणा, नाहीतर कॅरिअर बदला. मी कॅरिअर बदलले. ३.७३ धरून हिशेब केला असता तर उत्तर ४.०० आलं असतं आणि मी ४.१० घेतला असता. पण सेट हातात होते आणि कॅरिअर ४.१० लाही बदलावेच लागले असते, म्हणून ४.५६ च ठेवला.

त्याचा परिणाम आकड्यांत सांगते. माझा चौथा गिअर १:१ आहे. ताशी ८० किलोमीटरला जुन्या टायरवर इंजिन साधारण २१६० आरपीएमवर फिरायचं. ३.७३ तसाच ठेवून ३१ इंची घातले असते तर २०१० वर आलं असतं, म्हणजे चढ लागला की लगेच खालचा गिअर. आता ते २४६० वर फिरतं. दगडांत आणि चिखलात गाडी मजेत चढते, मोकळ्या रस्त्यावर मात्र शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. तुमची गाडी बहुतेक डांबरावर चालत असेल तर माझ्यासारखं करू नका.

एक मात्र कधीच करू नका: मागचा एक्सल आज, पुढचा पुढच्या महिन्यात. रेशो वेगळे असताना फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि मधे ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा गिअरचा डबा) भरडला जातो. एकच एक्सल झाला असेल तर पुढचा शाफ्ट उतरवून ठेवा, म्हणजे चुकूनही लिव्हर ओढली तरी बिघडणार नाही.

बसवणीत घाई चालत नाही. बेअरिंगच्या कॅप काढण्याआधी पंचने खुणा करा, ज्या बाजूची कॅप त्याच बाजूला आणि त्याच दिशेने परत गेली पाहिजे. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासलेले असतात, त्यामुळे दोन सेटची सरमिसळ नको. बेअरिंग नवीच घाला. पिनियन बेअरिंगचा ताण (पिनियन फिरवायला लागणारा जोर) नव्या बेअरिंगला माझ्याकडे २० ते ४० इंच-पौंड, दातांमधला प्ले (सैलपणा) ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, तोही डायल गेजने, क्राऊनवर तीन-चार ठिकाणी. तुमच्या एक्सलच्या मॅन्युअलमध्ये असतील ते आकडे धरा.

मग दात एकमेकांना कुठे टेकतात ते दाखवणारी पिवळी पेस्ट. क्राऊनच्या चार दातांना लावायची, क्राऊनला लाकडाने दाब देत पिनियन दोन्हीकडे फिरवायचा आणि उमटलेला डाग बघायचा. डाग दाताच्या टोकाकडे असेल तर पिनियन लांब आहे, मुळाशी दबला असेल तर फार जवळ. माझा पहिला डाग टोकाला, दोऱ्याएवढा बारीक. मला शिकवणारे काका चष्मा कपाळावर सरकवून मिनिटभर बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "पाच वाढव." पाच म्हणजे इंचाचे पाच हजारांश, ०.१३ मिलिमीटरची शिम (पत्र्याची पातळ चकती). बेअरिंगची रेस (बाहेरचं कडं) ठोकून काढ, शिम घाल, परत ठोक, परत पेस्ट. चौथ्या वेळी डाग दाताच्या मधोमध, अंड्यासारखा उमटला. पिनियन हलवला की प्लेही बदलतो, तो कॅरिअरच्या शिम या बाजूच्या त्या बाजूला टाकून परत जुळवायचा. हे हाताला नवीन असेल तर काढणं, धुणं, परत भरणं स्वतः करा आणि एवढं जुळवणं जाणत्याकडून करून घ्या.

डिफरन्शिअलचं ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना ते मानवेलच असं नाही, तिथे बहुधा जीएल-४ लागतं. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून गाडी अर्धा तास थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर काही ओढू नका, त्यानंतर ऑइल बदला. निघालेल्या ऑइलमध्ये राखाडी चमक चालते, बोटाला लागणारे तुकडे नाहीत.

शेवटी स्पीडोमीटर. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणून टायर आणि रेशो दोन्हींचा परिणाम त्यावर होतो. फोनच्या जीपीएसवर ८० असताना माझा काटा ९१ वर जायचा. केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा छोटा गिअर जास्त दातांचा घातला, आता ८१-८२ दाखवतो.