विकिपीडियाचे नियम शिकायचे तर राजवाड्यापासून सुरुवात करा

इंदुरातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणाला विकिपीडियावर लिहायचं असेल, तर आधी सगळे नियम वाचत बसू नका. ओळखीच्या विषयाचं, समजा इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचं, पान उघडा आणि त्यातल्या एकाच वाक्याला संदर्भ जोडा. ‘राजवाडा सात मजली आहे’ हे छापील पुस्तकाचा पृष्ठ क्रमांक देऊन लिहिता येतं. ‘राजवाडा अप्रतिम आहे’ हे मात्र कितीही खरं वाटलं तरी टिकत नाही, कारण ते मत झालं. आजीने सांगितलेली होळकरांची आठवणही तिथे चालत नाही, ती आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी प्रकाशित झालेली हवी. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उतरवू नका, तो प्रताधिकाराचा भंग ठरतो.

सराव धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर करा. जतन करण्याआधी काय बदललं ते सारांशात एका ओळीत लिहा. तुमचं संपादन कुणी उलटवलं तर ‘इतिहास पहा’ उघडून कारण वाचा, पुन्हा तेच टाकू नका. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर विचारा आणि शेवटी चार वळणचिन्हं (~~~~) टाका, म्हणजे सही व वेळ आपोआप उमटते.