कापड बसवायचं ते उतरत्या उन्हात

वाळूजला फायबरग्लासच्या कामात पॉलिस्टर रेझिन आणि मॅटवर (काचेच्या तंतूंची चटई) तीन वर्षं हात बसल्यावर मी इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनकडे वळलो. काम तेच, डबा तेवढा वेगळा, असं तेव्हा वाटलं होतं. तुम्हालाही तसंच वाटत असेल. रोलर कसा फिरवायचा, काचेचं कापड कसं कापायचं हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय.

आधी प्रमाण. पॉलिस्टरला कॅटॅलिस्ट 1 टक्का घातला काय आणि 2 टक्के घातला काय, माल लवकर किंवा उशिरा धरतो, म्हणजे कडक होतो, पण धरतो. इपॉक्सीचा हार्डनर म्हणजे नुसती क्रिया सुरू करून देणारा कॅटॅलिस्ट नव्हे. तो रेझिनशी जोडला जाऊन स्वतःच त्या थराचा भाग होतो. जास्त पडला की तो उरतो, कमी पडला की रेझिन उरतं, आणि दोन्ही वेळा थर मऊ राहतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालणारी जोडी एलवाय 556 रेझिन आणि एचवाय 951 हार्डनरची, वजनाने 100 भाग रेझिनला साधारण 10 भाग हार्डनर; नेमका आकडा डब्याबरोबरच्या कागदावर बघा. "थंडी आहे, दोन झाकणं जास्त टाक" म्हणणारे उस्ताद भेटतील. त्यांचा हात बघून शिका, मी तसाच शिकलो, पण प्रमाणाच्या बाबतीत फक्त वजनकाट्याचं ऐका.

दुसरं, पॉलिस्टरची उरलेली चॉप मॅट इपॉक्सीत वापरू नका. त्या मॅटचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिन या द्रवात विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते. विणलेलं कापडच घ्या, 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम) हाताला बरं पडतं.

आता ज्यात मी फसलो ते. पैठणला नाथसागरावर मासेमारी करणाऱ्या एका काकांची प्लायवूडची होडी होती, तळाला कापड चढवायचं होतं. एप्रिल महिना. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून सकाळी साडेसातला सुरुवात केली. नऊ वाजता कापड काचेसारखं पारदर्शक झालं होतं, एक पांढरा डाग नाही. दहा वाजता कापडाखाली फुगे. स्क्वीजीने (रबरी पट्टीने) दाबले, पाच मिनिटांत परत आले. दुपारपर्यंत अख्ख्या तळावर देवी आल्यासारखे खड्डे. मी रेझिनला दोष दिला, मग ढवळण्याला, मग कापडाला. सगळं घासून काढलं, दुकान बदललं, आणि पुन्हा सकाळीच बसलो. पुन्हा तेच.

कारण लाकडात होतं. प्लायवूडच्या छिद्रांत हवा असते. सकाळी लाकूड थंड असतं आणि दर तासाला तापत जातं. आतली हवा फुगते, तिला वाट फक्त वरची, म्हणजे तुमच्या ओल्या रेझिनमधून. त्याच वेळी उन्हाने रेझिन घट्ट होत असतं, म्हणून फुगा बाहेर पडायच्या आत अडकतो. रोलर कितीही फिरवा, खालून हवा येतच राहते. संध्याकाळी हेच उलटं होतं. लाकूड निवतं, आतली हवा आकसते आणि रेझिन छिद्रांत ओढून घेते. म्हणजे ऊन किती आहे यापेक्षा लाकूड तापतंय की निवतंय हे महत्त्वाचं. 40 अंशांवरून उतरणारं लाकूड चालेल, 28 वरून चढणारं नको. हे लक्षात यायला मला दोन होड्यांएवढं रेझिन लागलं, म्हणून इतकं लांबवून सांगतोय.

माझी दुसरी चूक सील कोटची. रेझिन वाचवायला कापड थेट कोऱ्या लाकडावर टाकलं होतं. आधी नुसत्या रेझिनचा पातळ हात मारा, तो धरू द्या, हलकं घासा, मग कापड. यात शॉर्टकट नाही. वाचवलेल्या एका किलोने मला आठ दिवस घासायला लावलं.

उन्हाळ्यात एका वेळी पाव किलोच्या वर कालवू नका, आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. तापमान 10 अंशांनी वाढलं की हाताशी मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो. खोल बादलीतलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं. पावसाळ्यात धरलेल्या थरावर मेणचट साय येते. ती आधी पाण्याने खरवडून धुवा, मग पॉलिश पेपर, नाहीतर पुढचा थर सोलून निघेल. कडा गोल करा, काटकोनावर कापड बसत नाही. शेवटी रंग हवाच, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून खडूसारखं होतं.

आणि हातांचं ऐका. थिनरने हात धुणं आजच बंद करा, त्याने रेझिन कातडीत आणखी मुरतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, घासताना मास्क लावा. माझ्या मनगटांवर पुरळ उठलं ते आजही हार्डनरचा डबा उघडला की खाजतं. ही ॲलर्जी एकदा लागली की जात नाही.

पण घाबरून सोडूही नका. बिघडलेला भाग घासून त्यावर नवा तुकडा बसवता येतो, आणि तो नीट धरतो. शिकायचं असेल तर कोऱ्या प्लायच्या फूटभर तुकड्यांवर शिका, एक सकाळी करा, एक संध्याकाळी, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

काकांची होडी तिसऱ्यांदा घेतली तेव्हा ती दिवसभर उन्हात तापू दिली. चार वाजता झाडाच्या सावलीत ओढली, तासभर थांबलो, पाचला सील कोट. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचलाच कापड. रात्री नऊला बॅटरी मारून तळ बघितला, एक फुगा नव्हता. काका शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी पाण्यात कधी सोडायची विचारलं. मी म्हणालो, आठ दिवस थांबा.