नाशिकमध्ये स्केचिंग करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर) बसून अख्खं रामकुंड एका पानात कोंबायला जाणं. कळस, पायऱ्या, गर्दी, छत्र्या सगळं हवं असतं आणि शेवटी जे तयार होतं ते कुठल्याही तीर्थक्षेत्राचं चित्र वाटतं. त्यापेक्षा एक प्रश्न घेऊन जा. समजा, पुराचं पाणी कुठवर चढतं? मग दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती) काढा, पण एकटा नको, शेजारच्या पायऱ्या, पलीकडे नारोशंकराचं देऊळ, तिथली ती प्रसिद्ध घंटा, हे एकमेकांच्या किती वर आणि किती खाली आहे ते पेन्सिल डोळ्यांसमोर धरून मोजून काढा. मोजताना हात ताठ हवा, कोपर वाकलं की माप बदलतं आणि देवळं बुटकी नाहीतर लंबूळकी होतात (प्रमाण चुकतंय अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा). मग घाटावरच्या एखाद्या जुन्या दुकानदार काकांना विचारा की 1969 ला पाणी कुठे होतं, 2008 ला कुठे होतं, आणि ते सांगतील तिथे त्याच पानावर रेघ मारा. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी असं आपण नाशिककर पावसाळाभर बोलतो, पण त्या रेघा मारल्यावर ती उंची खरी कळते.

काळारामाला गेलं की मंडळी सहा-बी (खूप मऊ आणि गडद) पेन्सिलीने सगळं काळंकुट्ट करून टाकतात. अहो, सकाळच्या उन्हात तो दगड बऱ्यापैकी राखाडी दिसतो, आधी उजेडाची बाजू कोरी सोडा, गडद सगळ्यात शेवटी. आणि फक्त शिखर काढून उठू नका. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो या देवळात प्रवेश मिळावा म्हणूनच, त्यामुळे माझ्या मते इथे दरवाजा शिखराइतकाच महत्त्वाचा आहे. तो किती उंच, तट किती भक्कम, समोर माणूस किती छोटा दिसतो, हे काढाच.

डोंगर त्रिकोणी काढणं, ही सवय शाळेपासूनची. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय, म्हणून अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी बघितला तर उभा कडा, मग उतार, परत कडा, अशा पायऱ्या दिसतात. आधी आडव्या रेषा टाका, बाहेरची कड नंतर. रामशेज किल्ल्याचा कातळ असा नीट काढलात की 1682 पासून काही वर्षं मुघल फौजेला तो का घेता आला नाही ते पुस्तक न उघडता लक्षात येतं.

पांडवलेण्यात लोक नक्षीत अडकतात. नक्षी राहू द्या. 3 नंबरचं लेणं सातवाहनांचं आणि 10 नंबरचं नहपान क्षत्रपाच्या काळातलं, दोन्हीकडचा एकेक खांब एकाच पानावर शेजारी शेजारी काढा, फक्त बाह्यरेषा. घंटेसारखा आकार दोन्हीकडे आहे पण घडण सारखी नाही, आणि हा फरक नुसत्या डोळ्यांना पटकन दिसत नाही, हाताने काढताना दिसतो. 18 नंबरच्या चैत्याचा (बौद्ध प्रार्थनागृहाचा) दर्शनी भाग काढताना बघा, दगडात लाकूडकामाची नक्कल केलीय. तिथे अर्धा दिवस द्या, खरंच.

जुन्या नाशकातले वाडे काढताना वायरी, फ्लेक्स, पत्रे गाळून टाकायचे नाहीत. वाडा सुंदर दिसतो पण मग ते आजचं चित्र राहत नाही. अर्धी भिंत पडलेली असेल तर पडलेलीच काढा, आणि दारात कोणी असेल तर आधी विचारा, लोक आनंदाने आत बोलावतात आणि पाटाईखालचा (आडव्या तुळईखालचा) लाकडी खांब दाखवतात.

फोटो काढून घरी चित्र, हे शक्यतो नको. मोबाईल जवळून उंच इमारती तिरक्या करतो, लांबचे डोंगर बारीक करतो.

पानावर तारीख, वेळ, जागा आणि आपण कुठल्या दिशेला तोंड करून बसलो हे लिहायला विसरू नका. 2027 चा सिंहस्थ जवळ आलाय, कामं चालू आहेत, आज काढलेली पायरी पुढच्या वर्षी तशीच असेल याची खात्री नाही, आणि तारखेशिवाय ते पान पुरावा म्हणून उपयोगाचं नाही.

पावसाळ्यात त्र्यंबककडे गेलात तर वॉटरकलर घरीच ठेवा, कागद वाळतच नाही. बॉलपेन आणि जाड कागदाची छोटी वही बास.