दिवाळी कार्डाचा फोटो: मागची रांग धूसर येत असेल तर

खुर्चीतले आजी-आजोबा स्वच्छ, मागे उभे काका-काकू धूसर. मोबाइलवर कळत नाही, ५×७ इंची प्रिंटवर लगेच दिसतं. फ्लॅशने चष्मे आणि साड्यांचे जरीकाठ तेवढे चमकले. फार वैताग आला.

कारण लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं): ५० मिमी लेन्स एफ १.८ ला ३ मीटरवरून पुढून मागे जेमतेम फूटभर अंतरच स्पष्ट टिपते.

आधी मागच्यांना खुर्च्यांना अगदी चिकटून उभं करा, शक्यतो मोकळ्या सावलीत. मग छिद्र एफ ५.६, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांच्या किंचित मागे. ट्रायपॉड, १० सेकंदांचा टायमर, सलग ५ फोटो. कोणीतरी डोळे मिटतंच. दोन्ही कडांना जागा सोडा, ५×७ मध्ये कडा कापल्या जातात.